ओलीला वाट

नरकचतुर्दशीची पहाट ही न्हाणीघराची पहाट. वर्षभर ज्या खोलीकडे पाहुण्यांची नजर जाऊ नये म्हणून आपण दार लोटून घेतो, तिच्या उंबऱ्याशी त्या दिवशी सारे घर रांग धरून उभे असते. तेलाची वाटी, उटण्याचा वास, पायाखाली फोडावयाचे कारीट, बाहेर फटाके आणि आत ‘आटप लवकर’चा गजर! दिवाळीवर लिहिणाऱ्यांनी पणत्यांवर लिहिले, फराळावर लिहिले, मुलांच्या मातीच्या किल्ल्यांवर लिहिले. पण चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशा त्या खोलीकडे फारसे कोणी वळलेले दिसत नाही. मी इतिहाससंशोधक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटाला शाळा आणि हौसेला कादंबऱ्या. तरी या खोलीचा इतिहास लिहावयास मी बसले आहे, आणि त्याला कारण झाला एक काळा डाग.

आमचे घर मुंबईच्या उपनगरात, तिसऱ्या मजल्यावर. एका ज्येष्ठात न्हाणीघराच्या छताच्या कोपऱ्यात मोहरीएवढे ठिपके उमटले. श्रावण येईपर्यंत त्यांचे ताटाएवढे मंडळ झाले. रंगाला पोपडे आले, टॉवेल सादळले, दार उघडले की कुबट वास अंगावर येई. मी स्टुलावर चढून डाग खरवडला आणि वर तेलरंगाचा हात दिला. दसऱ्याच्या आत तो रंगही फुगून सुटला आणि त्याच्या पाठीमागे डाग पूर्वीपेक्षा काळा होऊन बसलेला दिसला.

घरात ओल आली की तिचे खापर फोडावयाला एक डोके लागते. मी या घरात नवी आले तेव्हा ते डोके माझे होते. “तुझ्या हातून पाणी फार सांडतं गं,” असे सासूबाई म्हणावयाच्या. आता मी घरची कर्ती झाले, तेव्हा मला लेकीचे डोके सापडले. तेरा वर्षांची पोर, केस कमरेपर्यंत. न्हावयास गेली की अर्धा तास बाहेर येत नाही. एकदा सर्वांच्या देखत मी तिला बोलले, “तुझ्या वाफेनं भिंत कुजली!”

पुढे काही दिवसांनी रात्री ती खोकत होती. मी पाठीवरून हात फिरवीत विचारले, तर म्हणाली, “आई, मी आता गार पाण्यानंच न्हाते. वाफ नको व्हायला.” बाहेर पाऊस कोसळत होता. शाळेत मी चाळीस मुलींना रोज गुन्हा कोणता आणि शिक्षा कोणाला हे इतिहासातून शिकवते. त्या रात्री मला झोप लागली नाही. ओलीचा खरा गुन्हेगार कोण, हे शोधून काढावयाचे असे मी ठरविले, आणि सवयीप्रमाणे अगदी पहिल्या धड्यापासून आरंभ केला.

आपल्याकडचा पहिला धडा म्हणजे मोहेंजोदडो. राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ साली त्या टेकाडाला हात घातला आणि पुढे चारपाच वर्षांत तेथील प्रसिद्ध महास्नानगृह उजेडात आले. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरला थोडे कमी खोल असे ते कुंड. विटा जिप्समच्या लेपात घट्ट बसविलेल्या आणि भिंतीच्या पोटात डांबराचा थर. पाणी मुरू नये याची चिंता साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यालाही होती! पण मला त्या मोठ्या कुंडापेक्षा तेथील साध्या घरांतील न्हाण्यांचे कौतुक अधिक वाटते. घासून बसविलेल्या विटांचा लहानसा चौक, एका कोपऱ्याकडे उतार आणि तेथून थेट रस्त्यावरच्या गटारात जाणारी मोरी. न्हाणी बहुधा रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला लागून असे, म्हणजे पाण्याला घरातून जाण्याची वाट अगदी जवळची मिळे. पाणी येणार हे त्यांनी मान्य केले होते आणि त्याच्या जाण्याची सोय आधी केली होती.

दुसरा धडा मला जेथे सापडेल असे कधी वाटले नव्हते तेथे सापडला. बौद्ध भिक्षूंच्या आचाराचे नियम ज्यात आहेत त्या विनयपिटकात ‘जंताघर’ नावाच्या उष्ण स्नानगृहाची हकीकत आहे. मिष्टान्नाने भिक्षूंची शरीरे जड झालेली पाहून वैद्य जीवकाने बुद्धाकडे दोन गोष्टींची परवानगी मागितली, फेऱ्या मारण्यासाठी वाट आणि न्हाण्यासाठी जंताघर. परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून कटकटी सुरू झाल्या. जमीन सखल, पाणी शिरते. मग जोते उंच करा. धूर कोंडतो, मग धुराडे ठेवा. चिखल होतो, मग वीट, दगड किंवा लाकूड अंथरा. पाणी साचते, मग मोरी काढा. लहान जंताघरात चूल मधोमध ठेवल्याने वावरावयास जागा उरत नाही. मग लहानात ती एका बाजूला ठेवा, मोठ्यात मध्ये. वाचताना मला हसू आवरेना. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेतली तक्रारवही याहून वेगळी ती काय! त्याच विनयात विहार साफ करण्याचे नियम आहेत. गेरूने रंगविलेली भिंत बुरसून डागाळली असेल, तर फडके भिजवावे, पिळावे आणि मग पुसावे. कोरड्या फडक्याने झटकू नये, पाणीही ओतू नये. पिळलेल्या फडक्याने पुसावे. दोन हजार वर्षांहून जुनी ही सूचना आजही तितकीच खरी आहे.

या साऱ्या नियमांत एक गोष्ट मला लक्षणीय वाटली. अडचण आली की बुद्ध इमारतीत दुरुस्ती सांगतो. ‘भिक्षूहो, पाणी कमी सांडा’ असे म्हणून न्हाणाऱ्यावर विषय ढकलीत नाही. मी ढकलला होता.

तिसरा धडा रोमचा. सम्राट ऑगस्टसच्या काळी विट्रुव्हियस नावाच्या वास्तुकाराने दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात ओलसर भिंतीचे काय करावे याचे एक प्रकरणच आहे. जमिनीलगतचा सुमारे तीन फुटांचा गिलावा वाळूऐवजी भाजलेल्या विटांची पूड घालून करावा, असे तो सांगतो. हीच आपली सुरखी! भिंत कायमचीच ओली असेल, तर तिच्यापासून थोडे अंतर सोडून आत दुसरी पातळ भिंत घालावी, मधल्या पोकळीला खाली आणि वर बाहेरच्या हवेत उघडणारी भोके ठेवावी. खाली-वर वाट मिळाली नाही तर ओल नव्या भिंतीतही पसरेल, असा त्याचा इशारा आहे. हा इशारा वाचला तेव्हा माझ्या तेलरंगाची मला आठवण झाली.

आता घरच्या धड्याकडे वळू. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. तेथे आकाश फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि घरे असतात जांभ्या दगडाची. तो दगड तर स्पंजासारखा पाणी पिणारा. तरी आजोळच्या न्हाणीघरात काळी बुरशी पाहिल्याचे मला आठवत नाही. ते न्हाणीघर पडवीच्या टोकाला, घरापासून किंचित सुटे. पाणी वाहून केळी-अळवाकडे जाई. कोपऱ्यात चूल, चुलीवर तांब्याचा हंडा. भिंत वरच्या बाजूला छपरापर्यंत पोचलेलीच नसे. वाफ आणि धूर दोन्ही त्या फटीतून निघून जात. चुलीची धग दिवसाचे दोनतीन तास भिंती शेकून काढी. काळे झाले होते ते धुराने, ओलीने नव्हे. जंताघरातली चूल आणि आजीची चूल यांचे काम एकच. पाणी तापविता तापविता खोलीही वाळविणे. पुढे शहरांत तांब्याचा बंब आला, त्यात बंबफोड घालून पेटवीत, आणि तोही थोडेफार हेच काम करी. विजेचा गीझर पाणी तापवितो. भिंतीशी त्याला काही कर्तव्य नाही.

आणि दिवाळीची सफेदी! पावसाळा सरला की आजोबा चुना विरवावयाला घालीत. भाजलेल्या शिंपल्यांचा चुना पाण्यात पडताच चुरचुरून उकळे आणि आम्हां मुलांना दूर हाकलले जाई. मला ती केवळ सणाची शोभा वाटे. आज त्यामागचे मर्म कळते. ताजा चुना अत्यंत दाहक असतो. त्याच्या पुढे बुरशीचे काही चालत नाही. पुढे तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो आणि त्याचा दाहकपणा ओसरतो. म्हणून दर वर्षी नवा हात द्यावयाचा. चार महिन्यांच्या पावसाने भिंतीवर जे जे उगवले असेल त्याचा निकाल लावण्याची वेळ म्हणजेच आश्विन. शिवाय चुन्याचा गिलावा ओल कोंडून ठेवीत नाही. आत घेतो आणि ऊन पडले की सोडून देतो. चुन्याला चिवटपणा यावा म्हणून जुने गवंडी त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर असे काय काय घालीत. अनेक गडांवर चुन्याच्या घाण्यांची दगडी चाके आजही पडलेली दिसतात.

पण जुने ते सोने म्हणून मी गळा काढणार नाही. आजीच्या न्हाणीघराला धड दार नव्हते. झापांचा आडोसा, म्हणून बायका उजाडण्यापूर्वी न्हाऊन घेत, आणि पावसात कोपऱ्यातल्या सापाची भीती निराळीच. आणि ही न्हाणी तरी किती जणांच्या नशिबी होती? सार्वजनिक तळ्याच्या पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावण्यासाठी १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडला सत्याग्रह करावा लागला. ओलीची तक्रार करावयालाही आधी दारात पाणी यावे लागते.

मुंबईत पाणी खोलीत आले, आणि खोलीच्याच कोपऱ्यात मोरी आली. चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक तेथेच, झोप तेथेच आणि स्नानही तेथेच. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि शहर हादरले. त्या काळच्या सरकारी वैद्यकाची समजूत अशी की घाण, अंधार आणि ओल यांतूनच रोग उपजतो. म्हणून खोल्यांत औषधी पाणी मारले, भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून कौले काढली, कित्येक घरांवर ‘राहण्यास अयोग्य’ असे शिक्के मारले. १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याच साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो असे दाखवून दिले, पण त्याचे म्हणणे सर्वमान्य व्हावयास बरीच वर्षे जावी लागली. प्लेगाच्या आरोपातून ओल सुटली. मात्र तोवर बोल लागला होता तो चाळकऱ्याच्या राहणीला. ज्याने एका खोलीत आठ माणसे राहतील अशा चाळी बांधून भाडे घेतले, त्याच्या राहणीबद्दल कोणी फारसे बोलले नाही.

चाळीची मोरी उघडी असल्यामुळे वाळत असे, हे खरे. पण तिच्यात न्हाणाऱ्या बाईला लुगड्याचा पडदा धरावा लागे, पुरुषांना गॅलरीत पिटाळावे लागे. म्हणून पुढे ब्लॉक आले आणि न्हाणीघराला दार आले, आतून कडी आली, तेव्हा ती बाईच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट होती हे पुरुष लेखकांनी लिहिलेले नाही. साऱ्या घरात तिला कडी लावता येईल अशी ती एकच जागा. माझ्या लेकीला तेथे अर्धा तास का लागतो, हे मला कळावयास हवे होते. मीही तिच्या वयाची होते.

या कडीबरोबर सिमेंट आले. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले; आपल्याकडे पोरबंदरला १९१४ साली त्याचे उत्पादन नीट सुरू झाले. सिमेंट बळकट खरे, पण त्याचा स्वभाव चुन्याच्या उलट. बारीक तड्यातून पाणी आत घेते आणि मग लवकर सोडीत नाही. त्यावर फरशी, तेलरंग आणि मधोमध वाफ! खिडकी असते ती इमारतीच्या पोटातल्या अरुंद, अंधाऱ्या डक्टमध्ये उघडणारी. बुरशीला याहून काय हवे? १६६५ साली रॉबर्ट हूकने एका पुस्तकाच्या चामडी वेष्टनावरचा बुरा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला त्यात देठांवर उभ्या असलेल्या चिमुकल्या वनस्पती दिसल्या. बुरशी वनस्पती नव्हे हे आज आपण जाणतो, पण ती सजीव आहे आणि तिचे बी हवेत सर्वत्र आहे. तिला अन्न म्हणून साबणाचा पातळ थर पुरतो. तिचा कोंडमारा करता येतो तो एकाच बाजूने, भिंत कोरडी ठेवून.

हा सारा प्रकार केवळ शोभेचा नाही. ओलसर, बुरसलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला आणि दम्याचा त्रास वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्पष्ट सांगितले. २०२० साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे दोन वर्षांचे एक मूल घरातल्या बुरशीने श्वसनाचा विकार होऊन दगावले. त्याच्या वडिलांनी तीन वर्षे तक्रारी केल्या होत्या. ते कुटुंब बाहेरच्या देशातून आलेले. तेव्हा घरमालक संस्थेने दोष त्यांच्या राहणीवर, न्हाण्याच्या पद्धतीवर टाकला होता. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की घरात हवा खेळण्याची व्यवस्थाच अपुरी होती. पुढे २०२३ साली तेथे कायदा बदलावा लागला. हे वाचून मी पुस्तक मिटले. घरमालकाचे ते वाक्य मी माझ्या लेकीला उच्चारले होते: तुझ्या न्हाण्याने भिंत कुजली.

मग मी आमच्या न्हाणीघरात गेले आणि प्रथमच खाली-वर नीट पाहिले. खिडकीच्या काचपट्ट्यांवर प्लायवुडचा तुकडा ठोकलेला होता. तो कोणी ठोकला? मीच! समोरच्या बिऱ्हाडाची खिडकी डक्टपलीकडे चार हातांवर; लेक मोठी होऊ लागली तेव्हा तिला आडोसा हवा म्हणून मी सुताराला बोलावले होते. बांधणाऱ्याने खिडकी डक्टात काढली हा त्याचा दोष. पण उरलेली वाट बुजविली ती माझ्या हातांनी. आडोशाची गरज खरी होती. चूक एवढीच, की आडोसा देताना ओलीला दुसरी वाट द्यावयाची राहून गेली.

पुढचे काम सोपे होते. प्लायवुड काढून तेथे दुधी काच बसविली. वर फूटभर जागा सोडून हवा बाहेर ओढणारा लहान पंखा लावला. दाराखाली बोटभर फट ठेवली, नाहीतर पंखा ओढणार काय? डाग आधी साबणाच्या पाण्याने भिजवून, नाकाला फडके बांधून, मग घासले. कोरडे घासले तर बी घरभर उडते. ब्लीच आणि फरशीचे अ‍ॅसिड मात्र कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. तेलरंग खरवडून काढला आणि छताला चुन्याचे दोन हात दिले. न्हाऊन झाले की भिंतीवरचे पाणी रबरी पट्टीने खाली ओढावयाचे आणि पंखा आणखी अर्धा तास चालू ठेवावयाचा, हा नियम घरातल्या सर्वांना, पुरुषमंडळींनाही. वरच्या बिऱ्हाडाच्या नळाची गळती संस्थेकडून काढून घेण्यास मात्र तीन महिने आणि सात अर्ज लागले. डाग पुरता गेला असे म्हणणार नाही. एका कोपऱ्यात पावसाळ्यात अजून दोन ठिपके डोकावतात. पण आता ते पाहून मी कोणाचे नाव घेत नाही, स्टूल घेते.

लेकीची मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “असू दे गं,” आणि पुस्तकात डोके घातले. मुले क्षमा पटकन करतात, पण ती केली म्हणजे विसरली असे नव्हे. हे शाळेत वीस वर्षे काढल्यावर मला ठाऊक आहे.

यंदा नरकचतुर्दशीला पहिले पाणी तिचे. सासूबाईंची प्रथा घरातल्या पुरुषांपासून आरंभ करण्याची, पण त्यांनीच या वर्षी तिच्या केसांना तेल लावावयाला घेतले आहे आणि पाणी कडकडीत तापवा म्हणून मला बजावले आहे. किती वेळ लागेल ते लागो. पंखा चालू राहील, बाहेर आम्ही रांगेत उभे राहू, आणि ‘आटप लवकर’ असे कोणी म्हणणार नाही.